मसाल्याच्या बियांमधली फिनॉलं मोजायची आहेत? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की पुण्यातल्या कॉलेजांमध्ये प्रोजेक्टचे विषय ठरायला लागतात. दर वर्षी कुणाच्या तरी वाट्याला मसाल्याच्या बियांमधली फिनॉलिक संयुगं आणि त्यांची अँटिऑक्सिडंट क्रिया हा विषय येतोच. विषय सोयीचा आहे. बिया कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात, दोन्ही मुख्य चाचण्या रंगाच्या आहेत आणि रंगाची गडदता मोजणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक लॅबमध्ये असतो. म्हणूनच तो हलक्यात घेतला जातो. मोहरीत इतकं, जिऱ्यात इतकं असा तक्ता वहीत उतरतो आणि तोंडी परीक्षेत "अर्क कशात काढला? तेल काढलं होतं का?" एवढं विचारलं की गाडी अडते.

मशीन जो आकडा दाखवतं, त्यातला बराचसा तुम्ही मशीनपाशी पोचण्याआधीच ठरवून टाकलेला असतो. कोणतं बी घेतलं, कसं दळलं, कशात भिजवलं, यावर तो अवलंबून असतो. म्हणून इथे त्या आधीच्या पायऱ्यांवरच जास्त बोलणार आहे.

मोजतोय काय, ते आधी

बेंझिनच्या कड्याला थेट चिकटलेला ओएच गट असला की ते फिनॉल. असा रेणू आपला हायड्रोजन मुक्त मूलकाला (म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन अभिक्रिया करणाऱ्या रेणूला) देऊन त्याला शांत करतो, आणि उरलेला इलेक्ट्रॉन कड्यात पसरवून स्वतः बऱ्यापैकी स्थिर राहतो. अँटिऑक्सिडंट म्हणून फिनॉलांचं नाव होतं ते या गुणामुळे.

आता डब्यातल्या बियांकडे बघा. नवख्यांचा पहिला घोटाळा असा की वास येतो तेच फिनॉल, असं ते धरून चालतात. जिऱ्याचा वास मुख्यतः क्युमिनाल्डिहाइडचा, धण्यांचा लिनालूलचा, बडीशेपेचा अ‍ॅनेथॉलचा. यांतलं एकही फिनॉल नाही. या तिघांमधली फिनॉलं म्हणजे क्लोरोजेनिक आम्लासारखी संयुगं आणि फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींमधल्या फिनॉलांचा एक मोठा गट), आणि त्यांना वास नसतो. मोहरीचा झणका आयसोथायोसायनेटचा. फिनॉल म्हणाल तर मोहरीत सिनापीन हे मुख्य, म्हणजे सिनापिक आम्लाचं कोलीनशी झालेलं एस्टर. मेथीत व्हायटेक्सिन, ओरिएन्टिन यांसारखे फ्लॅव्होनॉइड असतात. जवसात लिग्नान (फिनॉलांशी नातं असलेली वनस्पतींमधली संयुगं) भरपूर, पण मोठ्या साखळीत एस्टर बंधांनी अडकलेले. ते सुटे करायला अल्कलीची प्रक्रिया लागते. पहिल्याच प्रोजेक्टला जवस घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वास आणि फिनॉल एकच, असं फक्त ओव्याच्या बाबतीत म्हणता येतं. त्याचा वास थायमॉलचा आणि थायमॉल हे खरंखुरं फिनॉल आहे. पण तेच उडून जाणारं, त्यामुळे ओव्याचे लाड वेगळे करावे लागतात. ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट शीर्षक लिहिण्यापूर्वी लक्षात घ्या. धणे, जिरे, बडीशेप, ओवा ही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बिया नाहीत, कोथिंबीर-गाजराच्या कुळातली सुकी फळं आहेत. मोहरी, मेथी, तीळ, जवस या खऱ्या बिया. स्वयंपाकघरात कुणाला फरक पडत नाही, पण बॉटनीचे परीक्षक हे हमखास पकडतात.

खरेदी आणि निवडणं

सुरुवातीला चार नमुने पुरे. मोहरी, मेथी, जिरे आणि ओवा घेतलेत तर चार वेगवेगळ्या अडचणी शिकायला मिळतात. मार्केट यार्डातल्या भुसार विभागात माल जास्त फिरतो, तिथून किंवा रविवार पेठेतल्या मसाल्याच्या दुकानांतून सुटा माल घ्या. शक्यतो प्रत्येक बी तीन वेगळ्या दुकानांतून शंभर-शंभर ग्रॅम घ्या आणि तिन्ही पुड्या वेगळ्या ठेवा. एकत्र करून टाकल्या तर दुकानागणिक किती फरक पडतो हे कळायची संधी गेली. पुडीवर पेनने दुकान, तारीख, भाव लिहा. पीक कुठलं आणि कधीचं, हे विचारायला लाजू नका. दुकानदाराला माहीत असलं तर तो सांगतो.

बडीशेप घ्यायची असेल तर मुखवासाची, साखर लावलेली नको, आणि फार हिरवीगार दिसणारीही नको. चमचाभर पाण्यात टाकून हलवा. पाणी हिरवं झालं तर रंग दिलेला आहे, आणि तो रंग पुढे तुमच्या रीडिंगमध्ये लुडबुड करणार. जिरे तळहातावर चोळून पहा; तळवा काळा झाला तर कोळशाची भुकटी चोळलेलं गवताचं बी मिसळलेलं असू शकतं. मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी येऊ शकतं. भिंगाखाली ते खडबडीत दिसतं आणि दाबून फोडलं तर आत पांढरं निघतं, मोहरी मात्र गुळगुळीत आणि आत पिवळी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती केल्याचं अहवालात लिहिलंत तर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

नमुन्याची ओळख अधिकृतपणे पटवून घ्यायची असेल तर पुण्यासारखी सोय थोड्या शहरांत आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव पार्कच्या बाजूला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन आधी चौकशी करा. थेट पुडी घेऊन दारात उभं राहू नका.

मग सुपात पाखडायचं, खडे-काड्या निवडायच्या. आजीला बसवलंत तर काम अर्ध्या वेळात होतं. धुवायचं मात्र नाही. मोहरीला पाणी लागलं की तिच्यातलं विकर (एन्झाइम) जागं होतं, मेथीला लागलं की बुळबुळीत डिंक सुटतो.

दळणं आणि ओलावा

घरच्या मिक्सरचं छोटं भांडं चालतं, पण सलग फिरवू नका. भांडं तापलं की ओव्यातलं थायमॉल उडायला लागतं आणि मोहरी-तिळाचा लगदा होतो. बिया अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, पाच-सहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. मेथी दगडासारखी असते, तिला वेळ द्या. मग सगळ्यांना एकच चाळणी लावा. जाड भरडीतून अर्क कमी निघतो, म्हणून एक बी जाड आणि दुसरं वस्त्रगाळ अशी तुलना फुकट जाते. पूड हवाबंद बाटलीत, अंधारात, फ्रीजमध्ये ठेवा आणि शक्यतो त्याच आठवड्यात वापरा.

ओलावा वेगळा काढा. दोन ग्रॅम पूड १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात. जूनमध्ये घेतलेल्या आणि एप्रिलमध्ये घेतलेल्या धण्यांच्या ओलाव्यात पुण्यातही चांगलाच फरक पडतो, म्हणून आकडा कोरड्या वजनावर द्यायचा. जिरे-ओव्यात अडचण अशी की ओव्हनमध्ये पाण्याबरोबर सुगंधी तेलही उडतं आणि ओलावा आहे त्याहून जास्त दिसतो. मसाल्यांसाठी म्हणूनच टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून पाणी मोजायची पद्धत आहे. ते काचसामान लॅबमध्ये नसेल तर ओव्हन वापरा आणि ही मर्यादा एका ओळीत लिहून टाका. ओव्हनमधली पूड मात्र अर्कासाठी वापरायची नाही, ती गेली.

तेल काढायचं की नाही

मोहरी आणि तिळात वजनाच्या सुमारे चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत तेल असतं. ते राहिलं तर अर्क गढूळ होतो, आणि गढूळपणा मशीनला रंगासारखाच दिसतो. मोहरीसाठी दहा ग्रॅम पुडीत पन्नास मिलि हेक्झेन घालून तासभर हलवा, निथळा, पुन्हा एकदा तेच करा, मग पूड हवेशीर धूर-कपाटात (फ्यूम हूडमध्ये) सुकू द्या. सॉक्सलेट (द्रावक पुन्हापुन्हा पुडीतून फिरवणारं काचसामान) असेल तर उत्तमच. हेक्झेन जवळ असताना त्या ओट्यावर बर्नर नको, आणि शेजारच्या ग्रुपचाही नको.

ओव्याला हे करू नका. थायमॉल हेक्झेनमध्ये विरघळतं. तुम्ही तेल काढलं असं समजाल आणि ज्याच्यासाठी ओवा निवडला तेच बाटलीत ओतून द्याल. तिळाच्या सेसमिन, सेसमोलिन या लिग्नानांचाही काही भाग तेलाबरोबर जातो. मग काही बिया तेल काढून आणि काही न काढता घेतल्या तर त्यांची एकमेकांशी तुलना करता येईल का? सरळ नाही. उपाय म्हणजे मोहरीचे दोन्ही अर्क करा, तेल काढलेला आणि न काढलेला, आणि फरक दाखवा. प्रोजेक्टमधला तो सगळ्यात बोलका तक्ता ठरतो.

अर्क

ऐंशी टक्के मेथेनॉल, म्हणजे ऐंशी मिलि मेथेनॉल आणि वीस मिलि ऊर्ध्वपातित पाणी, हे नवख्यांसाठी सगळ्यात कमी कटकटीचं. निव्वळ पाण्यात मेथीचा डिंक फुगून गाळणकागद तुंबतो, शिवाय प्रथिनंही जास्त उतरतात. मेथेनॉलमध्ये डिंक खाली बसतो. इथेनॉल तितकंच चांगलं आणि कमी विषारी, पण त्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असल्याने लॅबमधले मामा ते कुलपात ठेवतात आणि मोजून देतात. मेथेनॉल विष आहे हे विसरू नका: पिपेटला तोंड नाही, उरलेलं बेसिनमध्ये नाही.

एक ग्रॅम पूड, दहा मिलि द्रावक, झाकण लावून शेकरवर एक तास. शेकर नसेल तर रात्रभर ठेवून अधूनमधून हलवा. व्हॉटमन एक नंबरच्या कागदातून गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. राहिलेल्या चोथ्यावर पुन्हा दहा मिलि घालून तेच. दोन्ही वेळचा गाळलेला द्रव एकत्र करून पंचवीस मिलिच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत द्रावक भरा. हा पंचवीसचा आकडा हिशेबात लागतो, तो अंदाजाने धरू नका.

अर्क वॉटर बाथवर आटवून वजन करायची पद्धत बऱ्याच जुन्या वह्यांत दिसते. ओव्याच्या बाबतीत तिचा अर्थ थायमॉल खोलीत सोडून देणं एवढाच होतो, आणि ते नाकाला कळतंच. आटवू नका, द्रवच वापरा.

आणि प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग घ्यायची, पण ती एकाच अर्काची तीन रीडिंग नव्हेत. पूड तीनदा वेगवेगळी तोलून तीन अर्क करायचे. एकाच अर्काच्या तीन परीक्षानळ्या तुमच्या पिपेटचा हात किती स्थिर आहे एवढंच सांगतात.

एकूण फिनॉल: फोलिनची चाचणी

फोलिन आणि सिओकाल्टू या जोडीने हे अभिकर्मक १९२७ साली मांडलं. वाइनसाठी ते १९६५ मध्ये सुधारलं गेलं आणि आज आपण जवळपास तीच रीत वापरतो. मॉलिब्डेनम आणि टंगस्टनची पिवळी संयुगं इलेक्ट्रॉन मिळाला की निळी होतात, एवढंच त्यामागचं तत्त्व. बाटलीतलं द्रावण पिवळं हवं. हिरवट दिसलं तर ते आधीच खराब झालंय, नवीन मागा.

गॅलिक आम्लाचं प्रमाण द्रावण (सांद्रता माहीत असलेलं, तुलनेसाठीचं) असं करा. पन्नास मिलिग्रॅम गॅलिक आम्ल पन्नास मिलि ऐंशी टक्के मेथेनॉलमध्ये, म्हणजे मिलिला एक मिलिग्रॅम. त्यातले दहा मिलि घेऊन शंभर करा: मिलिला १०० मायक्रोग्रॅम. यातले २, ४, ६, ८ आणि १० मिलि घेऊन प्रत्येकी दहा मिलि करा, म्हणजे २० ते १०० पर्यंतची पायरी तयार.

परीक्षानळीत अर्धा मिलि नमुना (किंवा प्रमाण द्रावण), अडीच मिलि दहापट पातळ केलेलं फोलिन. पाच मिनिटं थांबा. मग दोन मिलि साडेसात टक्के सोडियम कार्बोनेट. हा क्रम उलटा करू नका. फोलिन अल्कलीत फार वेळ टिकत नाही, म्हणून फिनॉलशी त्याची गाठ आधी पडलेली हवी. अर्धा ते एक तास अंधारात ठेवून ७६५ नॅनोमीटरला रीडिंग घ्या. जुन्या कलरीमीटरला तिथला फिल्टर नसेल तर ६६० च्या आसपासचा लावा. निळा रंग रुंद पट्ट्यात शोषतो, त्यामुळे काम भागतं. फक्त प्रमाण द्रावणही त्याच फिल्टरवर वाचा आणि तसं लिहा. ब्लँकमध्ये, म्हणजे मशीनचा शून्य ठरवायच्या नळीत, नमुन्याऐवजी अर्धा मिलि ऐंशी टक्के मेथेनॉल.

प्रमाण द्रावणांची रीडिंग त्यांच्या सांद्रतेसमोर मांडून आलेख काढा. नमुना या आलेखाच्या वरच्या टोकाबाहेर गेला तर रेघ पुढे ओढत बसू नका, अर्क पातळ करून पुन्हा लावा.

हिशेब असा. समजा मोहरीचा अर्क दहापट पातळ केला आणि आलेखावर ४० मायक्रोग्रॅम प्रति मिलि आलं. ४० गुणिले १० गुणिले २५, भागिले एक ग्रॅम, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, अर्थात ग्रॅमला १० मिलिग्रॅम गॅलिक आम्ल समतुल्य. ओलावा आठ टक्के असेल तर ०.९२ ने भागा: १०.८७. इथे 'समतुल्य' हा शब्द गाळायचा नाही. मोहरीत गॅलिक आम्ल आहे असा त्याचा अर्थ नाही, तेवढ्या गॅलिक आम्लाने जेवढा निळा रंग दिला असता तेवढा मिळाला, इतकंच.

शिवाय हे अभिकर्मक फिनॉलापुरतं इमानदार नाही. क जीवनसत्त्व, काही साखरा, प्रथिनांमधलं टायरोसिन, सगळ्यांशी ते निळं होतं. प्रथिनं मोजायच्या लॉरीच्या पद्धतीत हेच अभिकर्मक असतं, यावरून काय ते समजा. भाजलेल्या नमुन्यांत तर हे फारच जपायला हवं. जिरे भाजल्यावर आकडा वाढला तर फिनॉल वाढलं असं लगेच लिहू नका. भाजताना साखर आणि अमिनो आम्लांपासून जी तपकिरी संयुगं होतात, तीही फोलिनला निळं करतात. तिळाचं प्रकरण थोडं वेगळं. भाजताना सेसमोलिन फुटून सेसमोल बनतं आणि ते अस्सल फिनॉल आहे, तिथे खरोखर भर पडते. गोड्या मसाल्यासाठी घरी तीळ भाजले जातात तेव्हा थोडे कच्चे आणि थोडे भाजलेले बाजूला मागून घ्या, नमुन्यांची आयती जोडी मिळेल.

अँटिऑक्सिडंट क्रिया: डीपीपीएच

डीपीपीएच हे बाटलीत टिकणारं मुक्त मूलक. १९५८ पासून ते या कामासाठी वापरलं जातंय. मेथेनॉलमध्ये गडद जांभळं, हायड्रोजन मिळाला की फिकट पिवळं. ५१७ नॅनोमीटरला जांभळा रंग किती उतरला ते मोजायचं.

रेणुभार ३९४.३. शंभर मिलिसाठी थेट चार मिलिग्रॅम तोलायच्या फंदात पडू नका, कॉलेजच्या तराजूवर ते होत नाही. ३९.४ मिलिग्रॅम शंभर मिलि मेथेनॉलमध्ये विरघळवा आणि त्यातलं दहा मिलि पुन्हा शंभर करा, ०.१ मिलिमोलर मिळतं. फ्लास्कला फॉइल गुंडाळा. द्रावण त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा. रीडिंग एकच्या आसपास यायला हवं. फारच कमी आलं तर पूड जुनी आहे.

०.१ मिलि अर्क, २.९ मिलि डीपीपीएच, तीस मिनिटं अंधारात. तुलनेसाठी ०.१ मिलि द्रावक आणि तेवढंच डीपीपीएच, हे कंट्रोल. आणि एक तिसरी नळी जी बहुतेक जण विसरतात: ०.१ मिलि अर्क आणि २.९ मिलि नुसतं मेथेनॉल. मेथीचा अर्क स्वतःच पिवळसर असतो, त्याचं रीडिंग नमुन्यातून वजा करावं लागतं. कंट्रोलमधून नमुना वजा, भागिले कंट्रोल, गुणिले शंभर: ही टक्केवारी.

एका सांद्रतेची टक्केवारी देऊन थांबू नका. अर्काच्या पाच-सहा वेगवेगळ्या सांद्रता करा, आलेख काढा आणि पन्नास टक्के रंग उतरवायला किती लागलं ते वाचा. या आकड्याला आयसी फिफ्टी म्हणतात, आणि तो जितका लहान तितका अर्क जोरकस. हे उलटं असल्याने दरवर्षी कुणीतरी सर्वांत दुबळ्या बीला पहिला नंबर देऊन मोकळं होतं. सांद्रता नळीतली शेवटची की मूळ अर्कातली, हेही लिहा. दोन्हींत तीसपट फरक आहे.

नळी गढूळ झाली तर टक्केवारी ऋण येते. मोहरीचं तेल नीट निघालं नसेल तर हे होतं. पाणी जास्त झालं तरी डीपीपीएच बाहेर पडायला लागतं. तशी रीडिंग वगळा, 'ऑक्सिडीकारक क्रिया' वगैरे शोध लावू नका.

वेळेचंही भान ठेवा. क जीवनसत्त्व डीपीपीएचशी जवळजवळ घालताक्षणीच उरकून घेतं, बियांमधली फिनॉलं अर्ध्या तासानंतरही सावकाश चालूच असतात. थायमॉल तर फिनॉल असूनही इथे संथ आहे. म्हणजे ओव्याचा फोलिनचा आकडा चांगला आणि डीपीपीएचचा बेताचा आला तर घाबरू नका, दहाव्या, तिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला रीडिंग घेऊन तो फरक दाखवा.

अहवालात काय लिहू नये

'म्हणून रोज मेथी खाल्ल्याने आजार टळतात' हे वाक्य. नळीतलं डीपीपीएच शरीरात कुठेच नसतं, खाल्लेल्या फिनॉलांतला थोडाच भाग रक्तात पोचतो आणि तोही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच एका अँटिऑक्सिडंट आकड्यांचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. त्या आकड्यांचा शरीरावरच्या परिणामाशी संबंध दाखवता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, या कारणाने २०१२ मध्ये तो मागे घेतला. फोडणीत मोहरी चिमूटभर पडते, हेही विसरू नका. तुमच्या आकड्यांचा खरा उपयोग तुलनेला आहे: कोणतं बी, ताजं की जुनं, कच्चं की भाजलेलं, कोणता द्रावक.

वेळ उरला तर

एकूण आकडा नेमकं कोणतं फिनॉल काम करतंय ते सांगत नाही. एचपीएलसी (संयुगं वेगळी करून मोजणारं महागडं यंत्र) मिळेलच असं नाही, पण सिलिकाची टीएलसी पट्टी मिळते; तिच्यावर द्रावक वर चढताना संयुगं वेगवेगळ्या उंचीवर जातात. ओव्याच्या अर्काचा ठिपका आणि शेजारी थायमॉलचा ठिपका लावा, टोल्युइन आणि एथिल अ‍ॅसिटेट ९३ : ७ या मिश्रणात पट्टी चढवा, धूर-कपाटात सुकवा आणि मेथेनॉलमधलं ०.२ टक्के डीपीपीएच फवारा. पट्टी जांभळी होते आणि जिथे अँटिऑक्सिडंट आहे तिथे पिवळे ठिपके उमटतात. थायमॉलचा ठिपका उमटायला वेळ घेईल, थांबा. मेथी-मोहरीच्या फिनॉलांना हे मिश्रण चालत नाही, ती खालीच बसून राहतात. त्यांना एथिल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक आम्ल, अ‍ॅसिटिक आम्ल आणि पाणी १०० : ११ : ११ : २६ लागतं. पट्टीवर नावं पेन्सिलनेच लिहा, पेनची शाई द्रावकाबरोबर वर चढते. आणि फोटो लगेच काढा. दुसऱ्या दिवशीपर्यंत पट्टीचा जांभळा रंग फिका पडतो आणि मग वहीत चिकटवायला काही उरत नाही.